अंध व्यक्तीला एकट्याने हाताळता येईल असा ध्वनिमुद्रक कोणता?

ओवीवेचक
नमस्कार. मी पूर्ण अंध आहे, संगणकावर एनव्हीडीए (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरते. एम.ए.च्या प्रकल्पासाठी मुळशी भागात जात्यावरच्या ओव्या मुद्रित करायच्या आहेत, शिवाय वर्गातली व्याख्यानंही. सोबत डोळस माणूस नसेल असं धरून सांगा. फोन पुरेल की वेगळं यंत्र घ्यावं? आवाजाची पातळी दाखवणारा मीटर मला दिसत नाही, ही मोठी अडचण वाटते.

सहा_ठिपके
ताई, मीटरची अडचण ३२ बिट फ्लोट मुद्रणाने (यात अगदी हळू ते खूप मोठा आवाज एकाच फाइलमध्ये मावतो) सुटते. मी झूम एच-१ इसेन्शियल सुचवेन. (मीटिंगवालं झूम वेगळं, ही ध्वनिमुद्रक बनवणारी जपानी कंपनी.) २०२४ मध्ये आलेल्या या मालिकेत एच-१, एच-४ आणि एच-६ अशी तीन यंत्रं आहेत. तिन्हींचे मेनू बोलतात आणि तिन्ही ३२ बिट फ्लोटमध्ये मुद्रण करतात. त्यामुळे गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते) आधी ठरवावाच लागत नाही. बाईंनी अचानक गळा मोकळा सोडला तरी आवाज फाटत नाही, पुटपुटलेली ओळ नंतर वाढवता येते. माइकची स्वतःची मर्यादा मात्र राहतेच: ढोल-ताशाच्या पुढ्यात ठेवलं तर माइकच फाटेल. वारा आणि हाताची खसखस यांवरही हा इलाज नाही. माइकवर फोमची टोपी हवीच.

मेनूचा आवाज इंग्रजी आहे, मराठी नाही. तो हेडफोनवरच ऐका. जुनं एच-१एन स्वस्तात मिळेल, पण त्याचा मेनू मुका आहे आणि आवाजाची चकती अंदाजाने फिरवावी लागते. नुसता स्पर्शपडदा असलेलं न बोलणारं यंत्र कितीही नावाजलेलं असो, घेऊ नका.

तुमच्या कामाला एच-१ पुरे. त्यात २ ट्रिपल-ए सेल बसतात. सपाट टोक स्प्रिंगकडे, म्हणजे बोटांनीच दिशा कळते. रिचार्जेबल सेल घातलेत तर मेनूत सेलचा प्रकार तसा निवडा, नाहीतर किती चार्ज उरला हे चुकीचं कळतं. तारीख-वेळही पहिल्याच दिवशी नीट लावा, नंतर फायली ओळखायला तोच आधार.

मुद्रणकक्ष
वरच्याशी सहमत. फोनबद्दल: वर्गासाठी चालेल, ओव्यांसाठी नको. बरेच फोन गोंगाट कमी करतात आणि पातळी आपोआप वरखाली करतात. मग जात्याची घरघर मध्येच दबते आणि बाई श्वास घ्यायला थांबल्या की उसळून वर येते. टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर या फोनवरच्या पडदावाचकांचं बोलणंही मुद्रणात शिरतं. त्यावर ब्लूटूथ हेडसेट लावला तर अनेकदा फोन हेडसेटचाच माइक धरतो आणि आवाज डबक्यातून आल्यासारखा होतो. फोनच वापरायचा झाला तर एअरप्लेन मोड लावा. मध्येच कॉल आला की मुद्रण थांबू शकतं.

ओव्यांसाठी यंत्र जमिनीवर किंवा जात्याच्या फळीवर ठेवू नका, कंप थेट माइकमध्ये जातो. लहान ट्रायपॉडवर बसवा, त्याच्या पायांखाली घडी घातलेली गोधडी. गाणाऱ्या बाईंच्या तोंडापासून अंतर एक हात, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साधारण ४५ सेंटिमीटर. वीतभर अंतरावर श्वासाचे फटके येतात, दोन हातांवर जातं गाण्यावर चढतं.

दर वेळी १० सेकंद मुद्रण करून ऐका, मगच सुरुवात. मुद्रण सुरू झालं की आधी गाव, तारीख, गाणाऱ्या बाईंचं नाव आणि त्यांची संमती तोंडी घ्या.

जागेचा हिशेब: ४८ किलोहर्ट्झ, ३२ बिट, स्टिरिओ म्हणजे तासाला सुमारे १.४ जीबी. ३२ जीबीचं कार्ड २० तासांहून जास्त पुरतं. मायक्रोएसडी कार्ड नखाएवढं असतं, हातातून पडलं तर चाचपून शोधणं कठीण. ते आतच राहू द्या आणि यूएसबी-सी केबलने फाइल ट्रान्सफर निवडून फायली उतरवा. कार्ड फॉरमॅट करायचं ते यंत्रातच.

ओवीवेचक
खूप आभार. फायली नंतर कशात संपादित करू? आणि वर्गासाठी माझ्याकडे फोनचा कॉलरमाइक आहे, तो यात चालेल?

सहा_ठिपके
रीपर हे ध्वनिसंपादनाचं सॉफ्टवेअर घ्या आणि त्यावर ओसारा हे पडदावाचकांसाठीचं एक्स्टेन्शन बसवा, एनव्हीडीएसोबत उत्तम चालतं. नुसती कापाकापी असेल तर ऑडॅसिटी हे दुसरं संपादन-सॉफ्टवेअरही पुरे. मूळ फाइल तशीच जपा. प्रतीवर नॉर्मलाइझ करा (आवाजाची पातळी योग्य उंचीवर आणा), मग १६ बिट वेव्ह किंवा एमपी-३ काढा. ३२ बिट फ्लोट फाइल बऱ्याच फोनवर वाजत नाही, म्हणून ती थेट कुणाला पाठवू नका. जात्याची घरघर फार वाटली तर प्रतीवर ८० हर्ट्झखालचं कापा. मूळ मुद्रणातून ती काढू नये. ओवीची लय जात्याच्या फेऱ्यांवरच असते.

मुद्रणकक्ष
कॉलरमाइकच्या पिनेवर नख फिरवा. दोन कडी लागली तर तो या यंत्रात चालेल. मात्र मेनूत प्लग-इन पॉवर (यंत्राने माइकला पुरवायची वीज) चालू करा, नाहीतर बहुतेक कॉलरमाइक मुकेच राहतात. तीन कडी लागली तर तो फोनचा माइक. मध्ये तीनवरून दोनवर आणणारा ॲडॉप्टर लागेल. कॉलरमाइक सरांच्या शर्टला लावायचा, यंत्र त्यांच्या खिशात. खिशात ठेवण्याआधी होल्ड (बटणं कुलूपबंद करणारी सोय) लावा, नाहीतर खिशात बटण दाबलं जाऊन मुद्रण थांबेल.