मदत हवी आहे: पुटीमधून डब्ल्यूएसएलच्या उबुंटूत शिरायचे आहे

अंत्रुजवासी:

नमस्कार मंडळी,

लॅपटॉपवर विंडोज ११ आहे, त्यात डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) आणि उबुंटू २४.०४ हे लिनक्स. उबुंटूच्या आयकॉनवर क्लिक केले की काळी खिडकी उघडते, सगळे व्यवस्थित चालते. पण मला हेच पुटीतून (दुसऱ्या यंत्रात लॉगिन करायच्या प्रोग्रॅममधून) करायचे आहे.

"कशाला?" असे विचारणारे येतीलच, म्हणून आधीच सांगतो. कुंडईच्या वसाहतीत एका कारखान्याचा सर्व्हर सांभाळतो, तिथे दिवसभर पुटीच. माउसने मजकूर निवडला की कॉपी, उजवे बटण दाबले की पेस्ट, हे बोटांत बसलेय. शिवाय कोणती कमांड दिली ते सगळे लॉग फाइलीत आपोआप जाते. क्लाउडवर सर्व्हर घे असे एक मित्र सांगतो, पण आमच्याकडे पावसात माडाची झावळी तारेवर पडली की नेट गेलेच. लॅपटॉपमधले लिनक्स तेवढे बॅटरीवर तरी चालते.

आता अडचण. उबुंटूत ओपनएसएसएच सर्व्हर (बाहेरून लॉगिन करू देणारा) बसवला, चालू केला, स्टेटस हिरवे दाखवते. पुटीत होस्ट लोकलहोस्ट (म्हणजे हाच लॅपटॉप), पोर्ट २२. लॉगिन विचारते, पण उबुंटूचे नाव-पासवर्ड टाकले की "अ‍ॅक्सेस डिनाइड". तोच पासवर्ड काळ्या खिडकीत सुडोला (अ‍ॅडमिनच्या हक्काने कमांड द्यायला) बिनतक्रार चालतो! शेवटी वैतागून विंडोजचे नाव-पासवर्ड टाकले, तर आत घेतले आणि समोर सी ड्राइव्हचा प्रॉम्प्ट. हा काय प्रकार?

खाजनातला खेकडा:

अहो, शेवटच्या वाक्यात तुम्हीच उत्तर दिलेय. २२ वर तुमच्याशी उबुंटू नाही, विंडोज बोलतेय. विंडोजचा स्वतःचा ओपनएसएसएच सर्व्हर असतो, तो तुमच्या लॅपटॉपवर कोणीतरी चालू केलेला दिसतो. (लॅपटॉप ऑफिसचा असेल तर आयटीवाल्यांना न विचारता तो सर्व्हर बंद करू नका.)

डब्ल्यूएसएल २ म्हणजे विंडोजच्या पोटातले छोटे आभासी यंत्र, नेटवर्क वेगळे. लोकलहोस्टवर आलेली जोडणी विंडोज आत पोचवते खरी, पण त्या पोर्टवर आधीच विंडोजचे कोणी ठाण मांडून बसले नसेल तरच. तेव्हा उबुंटूला दुसरा पोर्ट द्या. ईटीसीमधल्या एसएसएच फोल्डरात एसएसएचडी_कॉन्फिग फाइल आहे, तिच्यात पोर्टच्या ओळीपुढची जाळी (#) काढून २२ च्या जागी २२२२ लिहा.

आयपी पत्ता टाकायच्या भानगडीत पडू नका. तो डब्ल्यूएसएल नव्याने सुरू झाले की बदलू शकतो. लोकलहोस्टच ठेवा.

माटोळी:

एवढा खटाटोप कशाला? विंडोज टर्मिनलमध्येही निवडताच कॉपी होण्याची सेटिंग आहे. आणि एसएसएच नकोच असेल तर डब्ल्यूएसएलटीटीवाय बघा, मिन्टी या टर्मिनलची खिडकी थेट उबुंटूत उघडते. पासवर्ड नाही, पोर्ट नाही.

अंत्रुजवासी:

माटोळीताई, मिन्टी बघतो नक्की. पण पुटीत कामाची सगळी सेशन्स जतन आहेत, त्याच यादीत हेही हवे.

खेकडाभाऊ, २२२२ केले, एसएसएच सर्व्हिस रीस्टार्ट केली. आता "कनेक्शन रिफ्यूज्ड".

खाजनातला खेकडा:

२४.०४ ची खोड आहे ती. तिथे पोर्ट धरून बसतो तो सिस्टिमडीचा (लिनक्समधल्या सर्व्हिसेस सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचा) सॉकेट, त्यामुळे नुसती सर्व्हिस रीस्टार्ट करून भागत नाही. दोन कमांड द्या (टंकताना अर्थात रोमनमध्ये): सुडो सिस्टिमसीटीएल डिमन-रीलोड, मग सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट एसएसएच डॉट सॉकेट. नंतर सुडो एसएस, पुढे डॅश टीएलएनपी, म्हणजे चालू पोर्टांची यादी येईल. तिच्यात २२२२ दिसला की पुटी उघडा.

अंत्रुजवासी:

शिरलो! पुटीने नव्या होस्ट-कीबद्दल (सर्व्हरच्या ओळखखुणेबद्दल) विचारले, अ‍ॅक्सेप्ट केले, उबुंटूच्याच पासवर्डने आत. पण लॅपटॉप बंद करून चालू केला की पुन्हा रिफ्यूज्ड. आणि देवस्थानच्या जत्रेच्या पावत्या छापणारी एक पायथन स्क्रिप्ट आहे, तिच्यातली मराठी नावे पुटीत विस्कटलेली दिसतात. जोडाक्षरे तुटतात, वेलांट्या भलतीकडे.

खाजनातला खेकडा:

पुटी डब्ल्यूएसएलला जागे करत नाही, ते आधी सुरू असावे लागते. उबुंटूची खिडकी उघडून मिनिमाइझ ठेवा. बंद केलीत तर आतला सर्व्हर चालू असूनही डब्ल्यूएसएल थोड्या वेळाने झोपते.

माटोळी:

देवनागरीसाठी पुटीच्या ट्रान्सलेशन पानावर यूटीएफ-८ (देवनागरी चालणारी अक्षरसंकेत पद्धत) आहे ना ते बघा. असेल तर स्क्रिप्ट बिघडलेली नाही. पुटी एकेक अक्षर चौकटीत बसवते, त्यात जोडाक्षरे नीट जुळत नाहीत. पावती फाइलीत जाऊ द्या आणि विंडोजमधून उघडा. फाइल एक्स्प्लोररच्या डाव्या बाजूला लिनक्स नावाचा पेंग्विन दिसेल, त्यात उबुंटू, मग होम. छापायच्या आधी आडनावे तिथेच तपासा, पुटीत नको.