पाच भाकरींचा भाग मंडळीपुढे नव्याने कसा मांडावा?

इंदूरकर
सर्वांना जय ख्रिस्त. आमच्या इंदूरच्या मराठी मंडळीत पुढच्या महिन्यात उपदेशाची जबाबदारी माझ्याकडे आहे आणि येशूने पाच भाकरी व दोन मासोळ्यांत पाच हजारांना जेवू घातले, तो भाग वाचनात आहे. पुनरुत्थानाखेरीज चारही शुभवर्तमानांत (मत्तय, मार्क, लूक, योहान) आलेला हा एकच चमत्कार असल्यामुळे समोरच्या बहुतेकांनी तो संडे स्कूलपासून ऐकलेला आहे. लहान मुलाने आपली शिदोरी दिली, इथपर्यंत उपदेश आला की आता दानाचे आवाहन येणार हे लोकांना कळते आणि तिथेच त्यांचे लक्ष सुटते. शास्त्रात नसलेले संवाद रचून ते परत मिळवणे मला पटत नाही. वचनाशी प्रामाणिक राहून काय करता येईल, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

बडोदेकर
बंधू, अनेक वर्षे पाळक म्हणून सेवा केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की चारही वृत्तान्त एकत्र कालवून सांगण्याची सवय आधी सोडावी. तो मुलगा फक्त योहानात आहे. मार्काचा सहावा अध्याय घेतलात तर मुलगा नाहीसा होतो आणि शिष्य पुढे येतात. ते गावोगाव सेवा करून परतलेले आहेत, लोकांच्या येण्याजाण्यात त्यांना जेवायलाही सवड मिळालेली नाही (वचन ३१), विसाव्यासाठी येशू त्यांना एकांत स्थळी नेतो, तर लोक तिथे त्यांच्याही आधी पोहोचलेले असतात. अशा थकलेल्या माणसांना तो सांगतो की तुम्हीच त्यांना जेवायला द्या. त्यावर ते दोनशे दीनारांच्या भाकरींचा हिशोब मांडतात. दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी होती (मत्तय २०), म्हणजे साधारण दोनशे दिवसांची कमाई त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. त्यांचे उत्तर उद्धट वाटले तरी त्यामागचा थकवा खरा आहे. प्रीतिभोजनाच्या दिवशी पहाटेपासून शेगडीपाशी राबणाऱ्या आणि शेवटची पंगत उठल्यावर पातेल्याच्या तळाशी उरलेला रस्सा भाताबरोबर खाणाऱ्या आपल्या भगिनींना हा भाग कसा ऐकू येईल, हे मनात धरून उपदेश लिहा. आणि मार्कात त्याआधीच्याच परिच्छेदात आलेली हेरोद राजाची मेजवानी वगळू नका. तिथे सरदार आणि प्रमुख लोक जेवायला बसतात आणि तबकात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिर येते. त्यानंतर लगेच मार्क आपल्याला हिरवळीवर आणून बसवतो.

ग्वाल्हेरकर
पाळकसाहेबांचा मुद्दा मला मान्य आहे, पण दादा, योहानाकडे पाठ फिरवू नका. भाकरी जवाच्या होत्या हे एकटा योहानच सांगतो. प्रकटीकरण ६:६ मध्ये एका दीनाराला एक शेर गहू आणि तेवढ्याच पैशांत तीन शेर जव असा भाव दिला आहे. जव हे गरिबाचे धान्य होते. आज आपल्याकडे जवाचे पीठ मधुमेहाचे पथ्य म्हणून महाग विकत घेतले जाते, त्यामुळे ही गरिबी ऐकणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. ती सांगावी लागते. शिवाय २ राजे ४:४२–४४ जरूर वाचा: अलीशा संदेष्ट्यापुढे जवाच्या वीस भाकरी येतात, शंभर माणसे जेवतात आणि उरतेही. येशूच्या श्रोत्यांना ती गोष्ट ठाऊक होती.

ओळखीच्या गोष्टीचे म्हणाल, तर कीर्तनाला बसणाऱ्या प्रत्येकाला आख्यान आधीपासून माहीत असते. पुढे काय घडते यासाठी कोणी येत नाही. बुवा कुठे थांबतात आणि कशाचे निरूपण करतात यासाठी लोक येतात. अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे आणि पुढे रेव्हरंड टिळक यांनी ख्रिस्तचरित्र याच रीतीने लोकांपुढे नेले. पेटी-मृदंग नसले तरी चालेल. पूर्वरंगात अलीशा घ्या, उत्तररंगात गालीलातला येशूचा हा प्रसंग, आणि मध्ये थांबण्याची जागा एकच ठेवा.

राजवाडा
एक सावधगिरी सुचवतो. नवेपणाच्या ओढीने काही जण सांगतात की लोकांनी लपवलेली शिदोरी बाहेर काढली आणि वाटून खाल्ली, हाच चमत्कार. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय बुद्धिवादी भाष्यकारांपासून हे स्पष्टीकरण चालत आले आहे, पण चारांपैकी एकाही लेखकाने शिदोरी लपवल्याचा शब्द लिहिलेला नाही. ज्या मंडळीने हा भाग आयुष्यभर विश्वासाने ऐकला, तिच्यापुढे अंदाज वचन म्हणून ठेवणे मला योग्य वाटत नाही.

इंदूरकर
सर्वांचे मनापासून आभार. लपवलेल्या शिदोरीचे स्पष्टीकरण मी घेणार नव्हतोच, आता त्याविरुद्ध दोन वाक्ये बोलेनही. मार्काचाच भाग घेईन, सुरुवात हेरोदाच्या मेजवानीपासून करीन आणि मुख्य थांबा शिष्यांच्या थकव्यावर ठेवीन. अलीशाचा उतारा जुन्या करारातील वाचन म्हणून लावता येईल. जवाच्या भाकरी मात्र योहानासाठी राखून ठेवतो. शेवट उरलेल्या तुकड्यांच्या बारा टोपल्यांवर न करता वचन ५२ पर्यंत जावे असे वाटते, कारण त्याच रात्री तारवात बसलेल्या शिष्यांना भाकरींची गोष्ट समजलेली नव्हती असे मार्क स्पष्ट लिहितो. पाळकसाहेब, एवढे लांब वाचन एकाच वाचकाने करावे, की वचन ४४ नंतर दुसऱ्याकडे द्यावे?