ट्यूबलेस: टेप आणि सीलंटचं तेवढं सांभाळा

भाऊ, नागपूरच्या गोरेवाड्याकडच्या दगडांवर माउंटन बाइक जोरात उतरवताना दर रविवारी मागची ट्यूब फुटते म्हणता, आणि ट्यूबवर शेजारी-शेजारी दोन चिरा दिसतात. म्हणजे काटा नाही, दगड आणि रिमच्या मध्ये ट्यूब चिमटली जातेय. ट्यूबलेस कराच, म्हणजे ट्यूब काढून हवा थेट टायरमध्ये भरायची. चिमटायला ट्यूबच उरत नाही, आणि काट्यांची भोकं आत टाकलेलं पातळ सीलंट बुजवतं.

रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेस-रेडी, म्हणजे ट्यूबशिवाय हवा धरणारे आहेत ना, ते आधी बघा. खरं काम टेपचं, रिममधली स्पोकची भोकं तीच हवाबंद करते. रिम स्पिरिटने पुसून कोरडी करा, टेप आतल्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर रुंद घ्या आणि ताणून बसवा. माझी टेप एका स्पोकच्या भोकाजवळ सुरकुतली होती. रात्रभरात हवा तिथूनच गेली आणि सकाळी स्पोकच्या बुडाशी सीलंटचा पांढरा थेंब वाळलेला दिसला. सगळं उचकटून पुन्हा केलं.

२९ इंची टायरला साधारण १०० मिली सीलंट. माझं वजन ७२ किलो, २.४ इंची टायर. हवेचा दाब पुढे २२, मागे २५ पीएसआय ठेवतो. बाभळीचे काटे तर आता मोजतही नाही. फक्त आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो, सीलंट लवकर आटतं. एप्रिल ते जून दर महिन्याला व्हॉल्व्हचा कोअर (आतली पिन) काढून, काडी बुडवून सीलंट किती उरलंय ते बघा. तरीही रिमला दगड लागत असेल तर मागच्या टायरच्या आत फोमचा इन्सर्ट (रिमला वाचवणारी पट्टी) टाका.