उत्तर: रोज पहाटे ४चा रीबूट बंद करूया का?

एडिसनहून:
नमस्कार मंडळी, आपल्या बीबीएसवर (लोक लॉगिन करून मेसेज लिहितात, गेम खेळतात तो आपला सर्व्हर) आमच्याकडे न्यू जर्सीत संध्याकाळी साडेसहाला हमखास लाइन तुटते, काल एका काकूंचा अर्धा लिहिलेला मेसेज गेला. मुंबईवाले दादा, रोज रीबूट खरंच लागतो का? आणि बॅकअप नक्की कुठे राहतो?

गोरेगावहून:
ताई, तुमचं बरोबर आहे, ही वेळ बदलायलाच हवी. इथे पहाटेचे ४ म्हणजे सगळे झोपलेले असं धरून ती ठेवलेली होती, पण तेव्हा तुमच्याकडे साडेसहा आणि कॅलिफोर्नियात दुपारचे साडेतीन, म्हणजे नेमकी लोक यायची वेळ. त्यापेक्षा इथे दुपारी दीड चांगला, तुमच्याकडे पहाटेचे ४, कॅलिफोर्नियात रात्रीचा १, लंडनवाले तेवढे सकाळी ९ला जागे असतील. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली तरी फार बिघडत नाही.

पण रोज रीबूट मला मुळातच पटत नाही. एखादा डोअर गेम (बीबीएसमधून चालणारा वेगळा गेम) अडकून मेमरी खात असेल तर रोजच्या रीबूटमुळे तो कधी सापडतच नाही. रीबूट महिन्यातून एकदा, कर्नलचे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचे) अपडेट टाकून, आणि घरी कोणीतरी असताना, कारण मशीन स्वतःहून परत वर येतं का तेही बघायचं असतं. ऐन पावसाळ्यात लाइट गेल्यावर ते कळून उपयोग काय.

बॅकअप मात्र रोज, आणि सर्व्हिस थांबवून. सिंक्रोनेटमध्ये, म्हणजे आपला बीबीएस चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, एका मेसेज बेसच्या (मेसेजच्या साठ्याच्या) हेडर, मजकूर, इंडेक्स अशा वेगवेगळ्या फाइली असतात, चालू सर्व्हरवर आरसिंक (फाइली कॉपी करणारा प्रोग्राम) मारला आणि तेवढ्यात कोणी मेसेज टाकला तर इंडेक्स जुना आणि हेडर नवा अशी कॉपी मिळते, ती दिसते पूर्ण पण रिस्टोर केली की गडबड. म्हणून आधी ऑनलाइन लोकांना सूचना, मग स्टॉप, लोकल कॉपी, परत स्टार्ट. नुसतं डेटा फोल्डर घेऊन भागत नाही, सीटीआरएल, टेक्स्ट, मॉड्स आणि एक्सटीआरएन हे फोल्डर पण हवेत. गेमचे स्कोअर बहुतेक एक्सटीआरएनमध्येच असतात आणि लोकांचा जीव त्यात अडकलेला असतो.

आता कुठे राहतो ते. सध्या दुसऱ्या डिस्कवर, पण त्याच खोलीत, आणि मला हे अजिबात चालत नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला तो आपण पाहिलाय, तळमजल्यावरच्या घरांत काहीच उरलं नव्हतं. आणि १२ ऑक्टोबर २०२०ला ग्रिड बसून लोकल थांबल्या तेव्हा वीज यायला तासन् तास लागले, घरचा छोटा यूपीएस तेवढा वेळ तग धरत नाही, त्याचं काम एवढंच की बॅटरी संपायच्या आत एनयूटीने (यूपीएसवर लक्ष ठेवणाऱ्या प्रोग्रामने) मशीन नीट बंद करावं, नाहीतर मेसेज लिहिला जात असतानाच फाइल तुटते.

एक कॉपी तुमच्याकडे हवी. पण ती इथून ढकलायची नाही, तुमच्या मशीनने ओढून घ्यायची. इथल्या मशीनला तुमच्याकडे लिहायचा हक्कच नसला तर इथे कोणी घुसलं तरी तुमची कॉपी पुसू शकणार नाही. आणि रोजच्या कॉपीवर नवी कॉपी चढवू नका, आरसिंकला लिंक-डेस्ट हा पर्याय दिला की न बदललेल्या फाइली जागा खात नाहीत, महिनाभराच्या तारखा सहज मावतात. गेलेल्या मंडळींचे मेसेज दुसरीकडे कुठेच नाहीत, त्यांच्यासाठी एवढं करायलाच हवं.

एडिसनहून:
माझ्याकडे जुना लॅपटॉप पडून आहे, तो लावते. दर तीन महिन्यांनी त्यावरच रिस्टोर करून जुने मेसेज उघडतात का बघू का?

गोरेगावहून:
नक्की, लॉगिन करून एक उत्तर पण टाकून बघा, पण नेट बंद ठेवून, नाहीतर ती कॉपी बाहेर मेल पाठवायला लागेल. आणि डिस्क आधी एन्क्रिप्ट करा, सिंक्रोनेट सगळ्यांचे पासवर्ड साध्या मजकुरात ठेवतं. एसएसएचची (दूरच्या मशीनशी सुरक्षित जोडणीची) पब्लिक की मला वेगळ्या मेलवर पाठवा, लिस्टवर नको. पहाटेचा रीबूट आत्ताच काढतोय.