शब्दचर्चा: ‘मिशन’ म्हणजे मोहीम नव्हे – रणांगणावरच्या नियोजनाचे मराठी शब्द

प्रश्न

अमेरिकी लष्कराच्या ब्रिगेड मुख्यालयाचं काम युद्धातल्या तैनातीत कसं चालतं, यावरचा एक मोठा लेख मराठीत आणतोय. शस्त्रं आणि वाहनं यांचे शब्द जमले. अडलंय ते नियोजनाच्या भागात: स्टाफ, मिशन, वॉर्निंग ऑर्डर, कोर्स ऑफ ॲक्शन, वॉरगेमिंग, फ्रॅगो. कोशात प्रत्येकासाठी काही ना काही सापडतं. कर्मचारी, मोहीम, इशारा, कृतिक्रम, युद्धसराव. पण वाक्यात बसवलं की अर्थ भलतीकडे जातो. ‘कर्मचाऱ्यांनी मोहिमेपूर्वी इशारा दिला’ हे वाचून कुणालाही संपाची बातमी वाटेल. या क्षेत्रात वावरलेल्यांनी कृपया मार्ग सुचवावा.

पहिला प्रतिसाद

स्टाफपासून सुरुवात करू, कारण बाकीचे शब्द त्याच्या कामातूनच आले आहेत. ‘चीफ ऑफ आर्मी स्टाफ’चं आपण ‘लष्करप्रमुख’ केलं आणि त्यात स्टाफ गळून गेला. पदनामापुरतं ते ठीक आहे. तुमच्या लेखात मात्र स्टाफ हेच मुख्य पात्र आहे. हुकूम देण्याचा अधिकार सेनानीचा, म्हणजे कमांडरचा. त्याच्यासाठी माहिती गोळा करणं, हिशेब मांडणं, पर्याय तयार करणं आणि ठरलेलं लिहून खाली पोचवणं हे स्टाफचं काम. मनुष्यबळ, गुप्तवार्ता, कारवाया आणि रसद हे त्याचे जुने चार विभाग, आणि ते १ ते ४ या आकड्यांनीच ओळखले जातात. ‘कर्मचारी’ म्हटलं की यातलं काहीच उरत नाही. ‘स्टाफ’ तसाच ठेवा, एका माणसाबद्दल बोलताना ‘स्टाफ अधिकारी’ म्हणा.

‘मिशन’ला मोहीम नको. मोहीम महिनोन्‌महिने चालते. तिच्यात अनेक कारवाया असतात आणि प्रत्येक कारवाईत प्रत्येक तुकडीला तिची कामगिरी मिळते. ही कामगिरी आदेशात एकाच वाक्यात लिहितात: कोणी, काय, कधी, कुठे आणि कशासाठी. यातलं ‘कशासाठी’ फार मोलाचं, त्याकडे पुढे येऊच. तेव्हा मिशन म्हणजे कामगिरी. ‘मिशन ॲनालिसिस’लाही ‘कामगिरीची छाननी’ म्हणा. त्या पायरीत वरून आलेला आदेश ओळीओळीने तपासतात आणि त्यात न लिहिलेली पण करावीच लागणारी कामं शोधून काढतात. नदीपलीकडचं गाव ताब्यात घ्या असा आदेश असेल, तर नदी ओलांडणं हे त्यात न सांगता आलेलं काम.

वॉर्निंग ऑर्डरसाठी ‘इशारा’ टाळाच. इशारा देतात तो समोरच्याला धाक घालण्यासाठी किंवा सावध करण्यासाठी. ही ऑर्डर आपल्याच हाताखालच्या तुकड्यांना म्हणते, ‘काम येतंय, तयारीला लागा.’ मी ‘पूर्वसूचना’ वापरेन, औपचारिक जागी ‘पूर्वसूचना आदेश’. ती का निघते हे लेखात नीट आलं नाही तर वाचकाला सगळी प्रक्रिया म्हणजे कागदांचा पसारा वाटेल, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

अमेरिकी लष्करात एक तृतीयांशाचा दंडक आहे. हाती असलेल्या वेळेपैकी एक तृतीयांश वेळ वरच्या मुख्यालयाने घ्यायचा आणि दोन तृतीयांश खालच्यांसाठी सोडायचा. आदेश ब्रिगेडकडून बटालियनकडे, तिथून कंपनीकडे आणि शेवटी सगळ्यात खालच्या प्लॅटूनकडे, असा उतरतो. समजा संध्याकाळी ६ला ब्रिगेडकडे आदेश आला आणि हल्ला पहाटे ६ला आहे. म्हणजे हाती १२ तास. ब्रिगेडने ४ तासांत, रात्री १०ला, आपला आदेश काढायचा. बटालियनकडे उरले ८ तास, तिने पावणेएकच्या आत मोकळं व्हायचं. मग कंपनी, आणि प्लॅटूनच्या अधिकाऱ्याच्या हाती आदेश पडतो तेव्हा अडीच वाजत आलेले असतात. त्याला साडेतीन तास मिळतात. त्यातच त्याने आपली योजना करायची, माणसांना समजावून सांगायची, दारूगोळा आणि रेडिओ तपासायचे आणि अंधारातून ठरलेल्या जागी पोचायचं. ब्रिगेडने नकाशे सुबक करण्यात दोन तास जास्त घालवले, तर त्याची किंमत या माणसाच्या वेळातून वसूल होते. म्हणूनच पूर्वसूचना आधी धाडतात. पूर्ण आदेश यायच्या आतच खालची तयारी सुरू होते आणि वरचे व खालचे दोघं एकाच वेळी काम करतात. माझ्या मते नियोजनप्रक्रियेतला हा सगळ्यात माणुसकीचा नियम आहे, आणि मुख्यालयं तो सहज विसरतात.

‘कोर्स ऑफ ॲक्शन’ला नुसतं ‘पर्याय’ पुरे. पर्याय एकमेकांपासून खरोखर वेगळे असावे लागतात, ही अट मात्र सांगा. तोच हल्ला तासभर उशिरा केला तर तो दुसरा पर्याय होत नाही.

‘वॉरगेमिंग’ला युद्धसराव म्हणू नका, सराव मैदानात होतो. इथे नकाशाभोवती बसून एकेक पर्याय चालवून पाहतात. आपण हे केलं, शत्रूने ते केलं, त्यावर आपण काय करणार. शत्रूची बाजू गुप्तवार्ता अधिकारी खेळतो आणि त्याने ती जीव तोडून खेळली तरच उपयोग. ‘डाव मांडून पाहणे’ हा आपला रुळलेला शब्दप्रयोग इथे चपखल बसतो.

दुसरा प्रतिसाद

थोडी भर. पेशवाईतल्या पत्रांतून ‘मसलत’ हा शब्द सल्ल्यासाठीही येतो आणि ज्या कामासाठी सल्ला केला त्या स्वारीसाठीही. विचार आणि कृती एकाच शब्दात मावल्या होत्या, याचं मला फार अप्रूप वाटतं. आज मसलतीला कटाचा वास येतो, म्हणून लेखात वापरा असं म्हणणार नाही. ‘खलबत’चंही तेच. पण ‘तजवीज’ अजून स्वच्छ आहे: ‘रसदेची तजवीज’ कुणालाही कळेल.

प्रश्नकर्ता

दोघांचे मनापासून आभार. कामगिरी, पूर्वसूचना आणि डाव मांडणे लगेच घेतले. आता पुढची अडचण. लेखात म्हटलंय की लढाई पेटल्यावर स्टाफ नियोजनाची सात पायऱ्यांची प्रक्रिया ‘आखूड’ करतो. म्हणजे नेमकं काय गाळतो? आणि फ्रॅगोचं काय करू?

पहिला प्रतिसाद (पुढे)

सात पायऱ्या अशा: कामगिरी मिळणे, तिची छाननी, पर्याय तयार करणे, डाव मांडून पाहणे, पर्यायांची तुलना, सेनानीची मान्यता, आदेश लिहून खाली सोपवणे. वेळ भरपूर असेल तेव्हा सगळ्या होतात, म्हणजे तैनातीपूर्वी किंवा मोठ्या हल्ल्याआधी. वेळ कमी असला की बहुधा पर्यायांवर कात्री लागते. सेनानी स्वतःच एक पर्याय ठरवून देतो आणि स्टाफ तेवढाच तपासतो. छाननी सहसा गाळत नाहीत, कारण तिथे चुकलं तर पुढचं सगळं चुकीच्या कामाचं नियोजन ठरतं. ‘आखूड प्रक्रिया’पेक्षा ‘संक्षिप्त प्रक्रिया’ बरं वाटेल.

पण खरी गोष्ट याहून वेगळी आहे. तैनातीत रोज उठून सात पायऱ्या कोणी चढत नाही. एक मूळ आदेश असतो आणि त्यात बदल करणारे छोटे आदेश निघत राहतात. तोच फ्रॅगो, म्हणजे ‘फ्रॅगमेंटरी ऑर्डर’. ‘तुकडा-आदेश’ असं कुठेतरी वाचलं होतं, कानाला खटकतं. ‘पुरवणी आदेश’ म्हणा. काय बदललं तेवढंच त्यात असतं, बाकी मूळ आदेशाप्रमाणे. इराक आणि अफगाणिस्तानातल्या लांबलेल्या तैनातींत मुख्यालयांचं बहुतेक रोजचं काम अशा पुरवणी आदेशांवरच चालायचं.

आधी केलेलं नियोजन ऐन वेळी कसं कामी येतं, याचं १९९१च्या आखाती युद्धातलं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. अमेरिकेच्या सातव्या कोअरच्या स्टाफने मुख्य योजनेसोबत काही पर्यायी योजना आधीच लिहून, क्रमांक देऊन ठेवल्या होत्या. २४ फेब्रुवारीला जमिनीवरचं युद्ध सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी वेळापत्रक बदललं. इतर आघाड्यांवर अपेक्षेपेक्षा लवकर मुसंडी मारली गेल्यामुळे या कोअरचा हल्लाही ठरल्यापेक्षा आधी सुरू करावा लागला. पुढे रिपब्लिकन गार्डला, म्हणजे इराकच्या निवडक दलाला, गाठण्यासाठी सेनापती फ्रँक्स यांनी त्या योजनांपैकी क्रमांक ७ निवडली. लाखाहून अधिक सैनिकांची कोअर उत्तरेकडे जाता जाता पूर्वेला वळली आणि २६ तारखेला गार्डला भिडली. एवढं सैन्य वाळवंटात काटकोनात वळवायचं, तर रस्ते, इंधन आणि तुकड्यांमधल्या सीमा हे सगळं त्या रात्री पहिल्यापासून आखत बसणं शक्यच नव्हतं. विचार आधी झाला होता, निर्णय तेवढा बाकी होता.

अशा योजनेला ‘पोटयोजना’ शब्द सुचवतो, पोटकलमासारखा. कोणती पोटयोजना उचलायची हे ज्या टप्प्यावर ठरवावं लागतं तो ‘निर्णयबिंदू’. आणि ‘बॅटल रिदम’चा युद्धताल कृपया करू नका. आढावा किती वाजता, अहवाल किती वाजता, सेनानीसमोर कधी उभं राहायचं, याचं ते ठरलेलं चक्र आहे. ‘मुख्यालयाचा दिनक्रम’ म्हटलं की काम भागतं.

तिसरा प्रतिसाद

दोन शब्द राहिले. ‘ऑब्जेक्टिव्ह’ आणि ‘इंटेंट’ या दोन्हींना आपल्याकडे ‘उद्दिष्ट’ म्हणून टाकतात, आणि लष्करी मजकुरात ते घातक आहे. उद्दिष्ट म्हणजे ती टेकडी किंवा तो पूल. इंटेंट म्हणजे सेनानीचा हेतू, म्हणजेच वर आलेलं ‘कशासाठी’. शत्रूची कुमक अडवायची म्हणून पूल हवा होता आणि कुमक दुसऱ्याच वाटेने निघाली, तर हेतू ठाऊक असलेला कंपनी कमांडर पूल सोडून ती वाट अडवेल. नुसतं उद्दिष्ट ठाऊक असलेला पुलावरच बसून राहील.

दुसरा शब्द ‘अप्रिसिएशन’, तुमच्या लेखात भारतीय किंवा ब्रिटिश परंपरेचा उल्लेख असेल तर लागेल. त्याचा कौतुकाशी संबंध नाही. साध्य काय, परिणाम करणारे घटक कोणते, आपल्यापुढे आणि शत्रूपुढे कोणते मार्ग खुले आहेत, आणि त्यावरून योजना काय, अशा क्रमाने लिहिलेला तो युक्तिवाद असतो. ‘परिस्थितीचं आकलन’ बसतं.

प्रश्नकर्ता

हेतू आणि उद्दिष्ट वेगळे केल्यावर लेखातला एक पूर्ण परिच्छेद आत्ता कुठे कळला. एक शेवटचं: आदेश निघाल्यावर सगळे कमांडर जमिनीवर मोठा नकाशा आखून त्यावर आपापली हालचाल चालून दाखवतात, त्या ‘रिहर्सल’ला ‘सराव’ लिहिलं होतं.

पहिला प्रतिसाद (पुढे)

‘तालीम’ लिहा. सराव एका तुकडीचाही असतो. इथे कोण कोणाच्या आधी हलणार, तोफा कधी थांबणार, हे सगळ्यांनी मिळून एकमेकांसमोर करून पाहायचं असतं. तालमीत ते सगळं येतं.