पंचिंग मशीन चार मिनिटं पुढे, लोकांचा पगार कापला जातोय

मकरपुरा_हजेरी:
वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात मी हजेरी आणि पगार बघते. गेटवरचं पंचिंग मशीन, ऑफिसचे कॉम्प्युटर, सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारा डीव्हीआर, कारखान्याच्या कामाच्या जागेतलं भिंतीवरचं घड्याळ, सगळ्यांची वेळ वेगळी. मशीन चारेक मिनिटं पुढे आहे. पहिली पाळी सातची. माणूस ६.५८ ला अंगठा लावतो आणि नोंद होते ७.०२ ची. तीन लेट झाले की अर्धा दिवस कापतात. तरसाळीहून सायकल मारत वेळेवर आलेल्या माणसाला मी काय सांगू? मशीन हाताने नीट केलं तरी दुसऱ्या दिवशी परत तेच. हजेरीचं सॉफ्टवेअर गेटच्या केबिनमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर आहे. तिथे इंटरनेट नाही, पण ऑफिसपर्यंत लॅन, म्हणजे आतल्या नेटवर्कची केबल आहे.

रावपुरा_नेटवर्क:
ताई, मशीनला हात लावू नका, केबिनचा कॉम्प्युटर बघा. अशी बरीच सॉफ्टवेअरं डेटा ओढताना कॉम्प्युटरची वेळ मशीनवर चढवतात. तुम्ही नीट केलेलं रोज पुसलं जातंय ते त्यामुळेच. कॉम्प्युटरच्या बोर्डावरचा सेल संपत आला की घड्याळ बहुधा मागे पडतं. तुमचं पुढे जातंय, म्हणजे घड्याळ चालवणाऱ्या क्वार्ट्झ स्फटिकाची नुसती चूक साठत गेलीय. दहा लाखांत वीस भाग एवढी चूक धरली तर दिवसाला पावणेदोन सेकंद होतात, पाचेक महिन्यांत चार मिनिटं.

ऑफिसचा दिवसभर चालू राहणारा एक कॉम्प्युटर निवडा. त्याला दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या किंवा एनआयसीच्या (सरकारी संगणक केंद्राच्या) टाइम सर्व्हरला, म्हणजे नेटवर्कवरून अचूक वेळ देणाऱ्या कॉम्प्युटरला जोडा. भारतीय प्रमाणवेळ हीच प्रयोगशाळा सांभाळते, आणि सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशातही याच दोन संस्थांचे सर्व्हर सांगितलेत. मग त्याच कॉम्प्युटरवर विंडोज टाइममधला एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची पद्धत) सर्व्हर चालू करा, मुळात तो बंद असतो. बाहेरच्या जोडण्या अडवणाऱ्या फायरवॉलमध्ये एनटीपीसाठीचं यूडीपी १२३ पोर्ट उघडा. केबिनचा कॉम्प्युटर आणि डीव्हीआर, दोघांनाही वेळेसाठी याच कॉम्प्युटरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) द्या. डोमेनला (कंपनीच्या मध्यवर्ती सर्व्हरला) न जोडलेलं जुनं विंडोज साधारण आठवड्यातून एकदाच वेळ विचारतं, तेवढं अंतर कमी करून तासावर आणा.

दांडियाबाजार_निवृत्त:
मी शॉप सुपरवायझर होतो. पूर्वी मोठ्या कारखान्यांत एक मास्टर घड्याळ असे आणि त्याच्या विजेच्या ठोक्यावर बाकीची घड्याळं सरकत. तुमचं भिंतीवरचं घड्याळ सेलवरचं, ते कशालाच जोडता येणार नाही. म्हणून गेटवरच्या मशीनची वेळ तीच कारखान्याची वेळ, असं नोटिस बोर्डावर लिहा.

आणि पोरी, पैशाचं आधी बघ. गैरहजेरीची कपात गैरहजर वेळेच्या प्रमाणातच व्हायला हवी, हे १९३६ च्या वेतन कायद्यापासून चालत आलंय. दोन मिनिटांच्या तीन लेटला अर्धा दिवस हे मुळातच बसत नाही, त्यात तुमचं मशीन चुकीचं. आजचा फरक फोनच्या वेळेशी ताडून लिहून ठेव, त्यावर मालकाची सही घे आणि गेल्या महिन्यांतले सातनंतरच्या चार मिनिटांतले सगळे लेट रद्द करून घे. फरक हळूहळू वाढत गेलाय, तेव्हा जुन्या नोंदींत शंकेचा फायदा माणसालाच मिळू दे.

मकरपुरा_हजेरी:
काका, सहीचा कागद आजच करते. नेटवर्कवाले दादा, केबिनचा कॉम्प्युटर पाहिला, अगदी मशीनइतकाच पुढे आहे. डीव्हीआरमध्ये एनटीपी सापडलं, पण टाइम झोन जीएमटी +८ दाखवतोय. तो तसाच ठेवू का?

रावपुरा_नेटवर्क:
नको, +५:३० करा. एनटीपीवरून फक्त यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ येते, स्थानिक वेळ डीव्हीआर स्वतः काढतो. तसाच ठेवलात तर सर्व्हर बरोबर असूनही कॅमेऱ्याची वेळ अडीच तास पुढे जाईल.