शब्दचर्चा : 'राजनिष्ठा' म्हणावं की आणखी काही?

कागदीघोडा : पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या मराठी राजकारणावर दिवाळी अंकासाठी लेख लिहिते आहे आणि एका शब्दाशी अडले आहे. टिळक जून १९१४ मध्ये मंडालेहून सुटून आले. ऑगस्टमध्ये युद्ध पेटलं, आणि महिनाअखेरीस त्यांनी जाहीर पत्र काढून सांगितलं की या प्रसंगी सरकारला साहाय्य करणं हे कर्तव्य आहे. ज्या सरकारने सहा वर्षं कोंडलं, त्याच सरकारला! याला 'राजनिष्ठा' म्हणावं, तर निष्ठेत विश्वास गृहीत असतो, इथे त्याचा पत्ता नाही. 'देशभक्ती' म्हणावं, तर ते सरकार देशाचं नव्हतं. सरकारवर काडीचा भरवसा नाही, तरी बाहेरचा शत्रू आला की त्याच्याच बाजूने उभं राहायचं, याला मराठीत नेमका शब्द आहे का?

भाकरतुकडा : वयं पंचाधिकं शतम्. चार शब्द हवेत कशाला?

उंबरठा : भाकरतुकडा, हे वाक्य आपल्याकडे सभेत फार स्वस्तात वापरलं जातं, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. प्रसंग वनपर्वातल्या घोषयात्रेचा. दुर्योधन गाईगुरं पाहण्याच्या निमित्ताने द्वैतवनात आला, तो खरं तर वनवासातल्या पांडवांना आपलं वैभव दाखवून खिजवायला. चित्रसेन गंधर्वाने त्यालाच बांधून नेलं. भीमाला आनंदच झाला. तेव्हा युधिष्ठिराने जे सांगितलं त्याचा भाव हा : आपसात आम्ही पाच आणि ते शंभर, पण परक्यांशी गाठ पडली की आम्ही एकशे पाच. (श्लोकाचे पाठ वेगवेगळे आढळतात.)

आता दोन गोष्टी. एक, हे बोलतो तो ज्याचं राज्य गेलं आहे तो. हस्तिनापूरच्या गादीवरून दुर्योधनाने 'आपण एकशे पाच आहोत, तेव्हा गप्प बसा' असं सुनावलेलं नाही. आज वाक्य नेमकं त्या दिशेने फेकलं जातं. दुसरी, युधिष्ठिराने अर्ध्या राज्यावरचा हक्क सोडलेला नाही. सुटून आलेला दुर्योधन उपकाराने विरघळला नाही, उलट लाजेने प्रायोपवेशनाला, म्हणजे मरेपर्यंतच्या उपोषणाला बसला. पुढे कुरुक्षेत्र व्हायचं ते झालंच. म्हणजे एकशे पाच ही बेरीज त्या दिवसापुरती होती.

भाकरतुकडा : मान्य. पण भाव तोच ना?

घाटपायथा : नाही, कारण कौरव निदान भाऊ होते. १९१४ मध्ये इंग्रज परका आणि जर्मनही परका. कागदीघोडाताई, 'बाहेरचा शत्रू' हे शब्द तुम्हीच वापरलेत, त्यात इंग्रज 'आतला' होऊन बसतो. मुळात मेख तिथे आहे. भाऊबंदकीचं उदाहरण हवं असेल तर १८०३ घ्या. बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ ला वसईचा तह केला. त्यानंतर इंग्रजांशी शिंदे आणि भोसले लढले, असई झाली, अडगाव झालं, आणि यशवंतराव होळकर बाजूला राहिले. शिंद्यांवर त्यांचा विश्वास नव्हता, आणि तसा तो नसायला कारणंही भरपूर होती. १८०४ मध्ये ते स्वतः लढायला उभे राहिले तेव्हा शिंदे-भोसले तह करून मोकळे झालेले. 'पंचाधिकं शतम्' न घडण्याला मराठीत शब्द आहे. घडण्याला नाही, हे मला फारसं नवल वाटत नाही.

दप्तरबंद : धाग्यातला मूळ शब्द बाजूला पडतोय. 'राजनिष्ठा' त्या काळी भावना कमी आणि कायद्यातली ढाल जास्त होती. दंडसंहितेत राजद्रोहाचं १२४-अ हे कलम १८७० मध्ये आलं, सरकारविषयी 'अप्रीती' पसरवणं हा त्यात गुन्हा. १८९७ च्या टिळक खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव असा अर्थ लावला. सरकारवर प्रेम नसणं हाच गुन्हा ठरू लागला, तर बोलणाऱ्याने काय करावं? आधी राजनिष्ठा जाहीर करावी, मग हवं ते बोलावं.

टिळकांनी यातून वाट काढली ती तर मला फारच मराठी वाटते. १९१६ मधल्या बेळगाव आणि अहमदनगरच्या होमरूल भाषणांत त्यांनी सरकारचे दोन भाग केले, अदृश्य आणि दृश्य. बादशहा अदृश्य, त्याच्याशी भांडण नाही. भांडण रोज दिसणाऱ्या नोकरशाहीशी. त्यासाठी दाखले वेदान्ताचे आणि देव-पुजाऱ्याचे. या भाषणांवरून त्यांच्याकडून वीस हजारांचा जातमुचलका आणि वर जामीन मागितले गेले. नोव्हेंबर १९१६ मध्ये हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला. तेव्हा 'राजनिष्ठा' लिहायचंच असेल, तर कोणत्या सरकारशी, हे सांगितल्याशिवाय लिहू नका.

भाकरतुकडा : आणि १९१८ ची युद्ध परिषद?

दप्तरबंद : तीच पुढची पायरी. जून १९१८, मुंबई, गव्हर्नर विलिंग्डन अध्यक्ष. टिळकांनी बादशहाविषयीच्या निष्ठेने सुरुवात केली आणि मग स्वराज्याशिवाय स्वसंरक्षण कसं, या मुद्द्याकडे वळले. गव्हर्नरांनी तिथेच थांबवलं. टिळक उठून गेले. निष्ठेचं पहिलं वाक्य सरकारला हवं होतं, दुसरं नको होतं.

रानजाई : तुम्ही सगळे पत्रकं आणि भाषणांतच आहात. आमच्या सातारा भागात आपशिंगे मिलिटरी नावाचं गावच आहे. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात सापडल्या, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. तिथे गेलेल्यांच्या निष्ठेला 'राजनिष्ठा' म्हणायला माझी जीभ वळत नाही. त्यांचा शब्द 'मिठाला जागणं'. त्यात सरकारविषयी मत लागतच नाही. ज्याचं मीठ खाल्लं त्याचं काम चोख करायचं, मनात काही का असेना. लेखात हा वेगळा काढा.

उंबरठा : रानजाई, +१. 'निमकहराम' ही शिवी 'राजद्रोही'पेक्षा आजही जास्त लागते ती यामुळेच.

घाटपायथा : मूळ प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारा शब्द टिळकांच्याच गोटातला आहे की : 'प्रतियोगी सहकारिता'. अमृतसर काँग्रेस, डिसेंबर १९१९. तुम्ही जितकं द्याल त्या मानाने आम्ही साथ देऊ. पुढे १९२६ मध्ये केळकर, जयकर, मुंजे यांनी त्या नावाने पक्षच काढला. युद्धातली १९१४ ची भूमिका आणि ही, यांत वर्षांचं अंतर आहे, पण मन तेच आहे : प्रेम नाही, हिशेब आहे. अडचण इतकीच की 'प्रतियोगी' म्हटलं की आजच्या वाचकाला हिंदीतली 'प्रतियोगिता' आठवते आणि तो सहकाराची स्पर्धा समजतो.

दप्तरबंद : न्यायशास्त्रात ज्याचा अभाव सांगितला तो त्या अभावाचा प्रतियोगी. घटाभावाचा प्रतियोगी घट. स्ट्रॅचीसाहेबांच्या 'प्रीतीच्या अभावा'चा प्रतियोगी कोण, ते ओळखा :)

कागदीघोडा : दप्तरबंद, हे वाक्य मी चोरणार! सध्या असं ठरवते आहे : १९१४ च्या पत्रासाठी 'सशर्त साथ', कारण 'निष्ठा' शब्दाने वाचक चुकीच्या दारात जातो. 'राजनिष्ठा' फक्त सरकारी कागद आणि खटल्यांच्या संदर्भात, अवतरणात. पलटणींसाठी 'मिठाला जागणं'. 'प्रतियोगी सहकारिता' १९१९ पासून पुढे, कंसात एक ओळ खुलासा.

घाटपायथा : 'सशर्त' १९१४ च्या पत्राला जरा जड होईल. त्यात अटी उघड नव्हत्या, त्या १९१८ मध्ये तोंडावर आल्या. नुसतं 'साथ' लिहा.

कागदीघोडा : हे पटलं. बदलते.